वीडर-पंपाच्या पेट्रोल इंजिनाचं टायमिंग पुन्हा पुन्हा का सरकतं

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ. वीडर (तण काढायचं यंत्र) किंवा पंपाच्या इंजिनाची ती सरकली की तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. दोरी ओढली की ती अर्ध्यातून उलटी खेचली जाते आणि मनगटाला हिसका बसतो. नाहीतर इंजिन सुरू होतं, पण भार आला की दम सोडतं, सायलेन्सर नको तितका तापतो आणि गॅस कमी केला की फटाके वाजतात. प्लग नवा घातलेला असतो, कार्बोरेटर दोनदा धुतलेला असतो. शेवटी कोणीतरी मॅग्नेट (चुंबक बसवलेलं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील) उघडतो, आतली चावी, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर योग्य कोनात ठेवणारा धातूचा छोटा तुकडा, कातरलेली निघते, नवी चावी बसते आणि आठ-पंधरा दिवस सगळं झकास चालतं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चावी बदलणं ही दुरुस्तीची सुरुवात असते. पंधरा दिवसांत तीच चावी परत का जाते, हे शोधलं नाही तर चाव्यांचा डबा संपेल, दुखणं संपणार नाही.

पुढचे आकडे होंडा जीएक्स१६० या १६३ सीसी, फोर स्ट्रोक इंजिनाचे आहेत. पॉवर वीडर, दोन-तीन इंची पंप, फवारणी यंत्रं आणि जनरेटर यांवर येणारी बरीच इंजिनं याच घडणीची असतात, त्यामुळे रीत तीच राहते. मात्र अंश आणि फटी आपल्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या.

या इंजिनात टायमिंग फिरवायला काही ठेवलेलंच नाही

जुन्या स्कूटरसारखी इथे फिरवायची प्लेट नसते. ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल दोन बोल्टांवर जागच्या जागी बसते. फ्लायव्हीलमधलं चुंबक तिच्या पायांसमोरून गेलं की कॉइलमधलाच ट्रान्झिस्टर करंट तोडतो आणि ठिणगी पडते. ही वेळ पिस्टन वर पोहोचण्याआधी २५ अंशांवर कायमची ठरवलेली आहे. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट) आणि चुंबक यांचं नातं राखते ती एक अर्धचंद्राकार चावी. त्यामुळे ठिणगीची वेळ बदललीच असेल तर कारणं मोजकीच उरतात: फ्लायव्हील शाफ्टवर फिरलंय, भलत्याच मॉडेलचं फ्लायव्हील किंवा कॉइल बसवलीय, चुंबक फ्लायव्हीलमधून सुटलंय, किंवा कॉइलचं आतलं सर्किट बिघडलंय. कॉइलच्या बोल्टांची भोकं कानशीने लांबवून ‘टायमिंग जुळवून देणारे’ कारागीर भेटतात. त्यांच्या हाती इंजिन देऊ नका. चावी अर्धी तुटलेली असताना कॉइल सरकवली, तर चावी पूर्ण तुटेल तेव्हा दुप्पट घोळ होतो.

चावीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. इंजिनाचा जोर चावी पेलत नाही. तो पेलते शाफ्टची निमुळती बैठक, आणि नट आवळला की तीच फ्लायव्हीलला घट्ट धरते. चावीचं काम फ्लायव्हील योग्य कोनात बसवण्यापुरतं. चावी कातरली याचा अर्थ बैठकीची पकड आधीच सुटली होती.

चावीच्या जागी शाफ्टचा व्यास २० मिमी धरला, तर परीघ सुमारे ६३ मिमी होतो. म्हणजे १ मिमी सरकलं की जवळजवळ पावणेसहा अंश गेले. अर्धा मिमीचा खाचा नखाला जेमतेम लागतो, पण तेवढ्यानेही तीन अंशांचा फरक पडतो. ‘चावी थोडीशीच दबलीय, चालेल’ हे म्हणूनच चालत नाही.

कोणत्या बाजूला सरकलं?

लक्षणांवरून हे उघडण्याआधीच बरंचसं कळतं. वीडरचं पातं दगडात अडकलं किंवा पंपात गोटा शिरला की क्रँक जागीच थांबतो. फ्लायव्हील मात्र आपल्या वजनाच्या वेगाने तसंच पुढे जातं. चुंबक पुढे सरकतं आणि ठिणगी लवकर पडते. पिस्टन अजून वर येत असतानाच स्फोट होतो, म्हणून दोरी उलटी खेचली जाते. शिवाय प्रत्येक उलटा झटका फ्लायव्हीलला त्याच दिशेने आणखी ढकलतो, त्यामुळे दुखणं दिवसागणिक वाढतं.

नट सैल असेल तर उलट घडतं. प्रत्येक स्फोटाला क्रँक पुढे उसळी घेतो आणि फ्लायव्हील मागे राहतं. ठिणगी उशिरा पडते, जळणं लांबतं, जळता वायू एक्झॉस्टमध्ये जातो. इंजिनाला ओढ राहत नाही, सायलेन्सर तापून रंग बदलतो, दोरी मात्र मऊ लागते.

इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) थेट शाफ्टवर आट्यांनी बसवलेला पंप असेल, तर उलट्या झटक्यानंतर पंपाच्या बाजूलाही कान द्या. चालू दिशेला घट्ट होणारा इंपेलर उलट्या हिसक्याने सैल होऊन केसिंगला घासू शकतो.

मॅग्नेट उघडण्याआधी पंधरा मिनिटं

टायमिंगच्या नावावर खपणारे चार दोष आधी बाजूला काढा. यात वेळ फार जात नाही, पण निम्म्या वेळा काम इथेच होतं.

व्हॉल्व्हची फट इंजिन थंड असताना बघा: इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. हिचा दोरीच्या झटक्याशी थेट संबंध आहे. सुरू करताना दाब हलका व्हावा म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते, ती कॉम्प्रेशनच्या वेळी, म्हणजे पिस्टन वर येत वायू दाबत असताना, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलते. फट वाढली की हे उचलणं फटीतच खपून जातं, व्हॉल्व्ह हलतच नाही. मग पूर्ण दाबावर दोरी ओढावी लागते, क्रँकचा वेग पडतो आणि टायमिंग बिनचूक असतानाही झटका बसतो. झाकण काढून दोरी सावकाश ओढा. कॉम्प्रेशनला एक्झॉस्टचा रॉकर किंचित दबून सुटताना दिसला पाहिजे.

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. इंजिन बंद करायच्या स्विचची तार सोडून बघा. पंख्याच्या झाकणाखाली ती घासून उघडी पडली असेल तर थरथरीत मधूनच अर्थ होते, म्हणजे इंजिनाच्या धातूला टेकून ठिणगी तोडते. तेल कमी पडल्यावर इंजिन बंद करणारा स्विच असेल तर त्याचीही तार क्षणभर सोडा. उतारावर वीडर तिरका झाला की हा स्विच ठिणगी तोडतो आणि इंजिन धक्के खातं. दोष मात्र टायमिंगवर येतो. तपासणी झाली की तार परत जोडा, नाहीतर एके दिवशी कनेक्टिंग रॉड बाहेर येईल.

इंधन: पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर बसतो. कार्बोरेटरमधून थुंकणं आणि गॅस सोडताना फटाके वाजणं हे पातळ मिश्रणानेही (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं.

चावी बघायची रीत

प्लगची टोपी काढून लांब ठेवा. रिकॉइल स्टार्टर (ओढायच्या दोरीचा भाग) आणि पंख्याचं झाकण उतरवा. एका हाताने पुढचा शाफ्ट धरा, दुसऱ्याने फ्लायव्हील मागेपुढे हलवा. तिथे खेळ लागला तर पुढची चौकशी नकोच, चावी गेली.

खेळ नसेल तरी नट काढा. फ्लायव्हील धरायला पट्टा-पाना वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवला तर पातं तुटतं आणि तोल जातो. नट सुलट्या आट्यांचा आहे, सोडताना डावीकडे. दोरीचा कप आणि प्लास्टिकचा पंखा काढला की शाफ्टची खाच आणि फ्लायव्हीलची खाच वरून समोरासमोर दिसतात. चांगल्या उजेडात बघा, नख फिरवा. दोन्ही कडा एका रेषेत असल्या पाहिजेत. पायरी लागली तर चावी दबली आहे.

फ्लायव्हील काढायला पुलरच (ते ओढून काढायचं हत्यार) घ्या. शाफ्टच्या तोंडावर हातोडा मारून ते निघतं खरं, पण आट्या चेपतात, चुंबकाला तडे जातात आणि मार बेअरिंगपर्यंत पोहोचतो.

चावी पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा दोष इथे असतो

बैठक. फ्लायव्हील एकदा फिरलं की निमुळत्या भागावर ओरखडे आणि उचललेले कण राहतात. त्या खडबडीत जागेवर नवं फ्लायव्हील बसवलं तरी ते चार ठिकाणी टेकतं, पकड येत नाही. शाफ्टवर मार्करची शाई लावा, चावी न घालता फ्लायव्हील हाताने दाबून किंचित फिरवा आणि काढा. शाई जिथे पुसली तिथे धातू धातूला लागतो. सगळीकडून, निदान तीन चतुर्थांश घेरावर ती पुसली पाहिजे, जाड्या बाजूला तर नक्कीच. तुटक ठिपके दिसले तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून, चावीशिवाय, फ्लायव्हील हाताने पाव वळसा डावी-उजवीकडे दोन-तीन मिनिटं घासा. ऑइल सीलवर आधी चिंधी गुंडाळा, पेस्ट आत गेली तर सील आणि बेअरिंग दोन्ही खाईल. नंतर थिनरने दोन्ही भाग कोरडे पुसा. बैठकीवर तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. ‘पुढच्या वेळी सहज निघावं’ म्हणून लावलेलं ग्रीस हे परत परत चावी जाण्याचं नेहमीचं कारण आहे. ओरखडे खोल असतील तर घासत बसू नका. फ्लायव्हील जास्त आत गेलं की कॉइलसमोरची त्याची जागाही बदलते.

चावीची उंची. हा दोष कोणी सहसा शोधत नाही. बाजारातल्या पट्टीतून कापलेली चावी जरा उंच निघते. फ्लायव्हील मग बैठकीऐवजी चावीच्या पाठीवर स्वार होतं. नट कितीही आवळा, बैठक धरत नाही. तपासायला व्हर्निअर पुरतो: चावीशिवाय फ्लायव्हील दाबून बसवा आणि शाफ्टच्या टोकापासून फ्लायव्हीलच्या हबपर्यंतचं (मधल्या भागापर्यंतचं) अंतर मोजा, मग चावी घालून मोजा. दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. चावीने अंतर कमी झालं, म्हणजे फ्लायव्हील बाहेर राहिलं, तर ती चावी फेकून द्या. चावी खाचेत तळाला समांतर बसली आहे ना, तेही बघा. तिरकी राहिली तर हेच होतं.

रुंद झालेली खाच. दोन-तीन चाव्या खाल्ल्यावर फ्लायव्हीलच्या खाचेच्या कडा फाकतात. चावी हाताने दोन्ही बाजूंना हलत असेल तर नवं फ्लायव्हील लागेल. पत्र्याची चकती भरून काही दिवस ढकलता येतात, पण टायमिंग पहिल्या दिवसापासून चुकलेलं राहतं.

खिळा, ड्रिलचा तुकडा किंवा कडक पोलाद चावी म्हणून घालू नका. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या गवत कापायच्या यंत्रांत तर ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते, म्हणजे पातं आदळल्यावर नुकसान स्वस्तातल्या भागावर थांबावं. तिच्या जागी पोलादी चावी घातली की पुढच्या दगडाला शाफ्टची खाच फाटते.

नटाचा कस, म्हणजे तो किती जोराने आवळायचा. जीएक्स१६०ला ७५ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे साडेसात किलोग्रॅम-मीटर. टॉर्क पाना नसेल तर ३० सेंमी लांब दांड्याच्या टोकाला २५ किलोचा जोर लावा. साखरेच्या पाच पाच किलोच्या पाच पिशव्या दांड्याला टांगल्या तरी हिशेब जमतो, फक्त दांडा आडवा हवा. इम्पॅक्ट गनने नट सोडा, आवळू नका. आवळण्याआधी पंख्याच्या खुंट्या फ्लायव्हीलच्या भोकांत आणि कपाचं भोक त्याच्या उंचवट्यावर नीट बसलंय का ते बघा. ते तिरके राहिले तर सगळा कस त्यांनाच दाबण्यात जातो, बैठकीपर्यंत पोहोचतच नाही.

टायमिंग प्रत्यक्ष मोजायचं असेल तर

चावी शाबूत असूनही लक्षणं हटत नसतील, किंवा फ्लायव्हील-कॉइल बदललेली असेल, तर मोजल्याशिवाय इलाज नाही. दिसायला सारखी, शाफ्टवर चपखल बसणारी फ्लायव्हीलं वेगवेगळ्या मॉडेलांची असू शकतात आणि त्यांत खाचेपासून चुंबकाचं अंतर वेगळं असतं.

आधी पिस्टनची खरी वरची जागा काढायची. प्लगचं भोक तिरकं असल्याने काडी घालून अंदाज घेतला तर पाच-सात अंशांची चूक सहज होते, कारण टोकाला पोहोचल्यावर पिस्टन जवळपास हलतच नाही. त्याऐवजी जुन्या प्लगची चिनी माती फोडून त्यात गोल तोंडाचा बोल्ट घट्ट बसवा. हा झाला अडसर. फ्लायव्हीलजवळ केसिंगवर एक पक्की खूण करा, किंवा तार वाकवून काटा बांधा.

भोकावर अंगठा ठेवून फिरवा. दाब लागला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. पिस्टन अजून खाली असताना अडसर बसवा आणि हाताने हलकेच पुढे फिरवा. टेकला की काट्यासमोर फ्लायव्हीलवर खूण अ. आता अडसर काढा, पिस्टन वरून पलीकडे न्या, अडसर परत पूर्ण बसवा आणि उलटं फिरवून टेकवा. खूण ब. या दोन्हींचा मध्य म्हणजे पिस्टनची वरची जागा. अडसर न काढता उलटा अख्खा वळसा मारून दुसरी खूण घेऊ नका. त्या फेऱ्यात व्हॉल्व्ह उघडे असतात आणि अडसरावर आदळून वाकतात. दोरी ओढून तर मुळीच फिरवू नका.

फ्लायव्हीलचा परीघ शिंप्याच्या टेपने मोजा. ४६० मिमी आला तर एक अंश १.२८ मिमी आणि २५ अंश ३२ मिमी. इंजिन फ्लायव्हीलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं. मध्याच्या खुणेपासून त्याच दिशेला ३२ मिमी पुढे पांढऱ्या रंगाने रेघ मारा. उलट्या बाजूला मारली तर ती पिस्टन वर जाऊन आल्यानंतरचे २५ अंश दाखवेल. ही चूक फार होते.

प्लग बाहेर काढून टोपीत घाला आणि त्याचं अंग तारेने इंजिनाला पक्कं बांधा. अर्थ न मिळालेला प्लग कॉइल मारतो. भोकातून पेट्रोलची वाफ येते, म्हणून कॉक बंद करा, कार्बोरेटर रिकामा करा, प्लग भोकापासून लांब ठेवा आणि भोकावर चिंधी झाका. टायमिंग लाइटला, म्हणजे ठिणगी पडली की चमकणाऱ्या दिव्याला, मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी चालते. ड्रिलला सॉकेट लावून नट उजवीकडे फिरवा. सावकाश फिरवलं तर कॉइल ठिणगीच देत नाही, वेग चांगला हवा. थांबताना बटण हळू सोडा. ड्रिल झटक्यात थांबली तर फिरतं फ्लायव्हील नट सैल करतं. काम झाल्यावर नटाचा कस पुन्हा तपासा.

लाइटवर अंश फिरवायचा गोल असेल तर तो शून्यावर ठेवा. या इंजिनात ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, एक्झॉस्टच्या वेळीसुद्धा. मोटारीसाठी बनवलेला लाइट दोन फेऱ्यांना एक ठिणगी गृहीत धरतो. त्यामुळे त्याचा वेगाचा आकडा दुप्पट दिसतो आणि गोलावरचे अंशही दुप्पट येतात. टू स्ट्रोकची सोय असेल तर ती वापरा.

पांढरी रेघ दोनेक अंश इकडेतिकडे काट्यासमोर स्थिर दिसली तर टायमिंग निर्दोष आहे. व्हॉल्व्ह आणि इंधनाकडे परत जा. रेघ काटा ओलांडण्याआधीच, म्हणजे काट्याच्या मागे दिसली तर ठिणगी लवकर पडतेय. काट्याच्या पुढे निघून गेलेली दिसली तर उशिरा. चावी नीट असूनही फरक पाच अंशांवर गेला तर फ्लायव्हीलचा मॉडेल क्रमांक ताडून बघा. रेघ जागेवर न राहता नाचत असेल तर कॉइलवर संशय घ्या, किंवा चुंबक हाताने हलतंय का ते बघा.

कॉइल आणि चुंबकातली फट ०.४ मिमी, इकडेतिकडे ०.२. पोलादी फिलर गेज चुंबकाला चिकटून चुकीचा अंदाज देतं, पितळी किंवा प्लास्टिकचं घ्या. कॉइलच्या पायांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. फट वाढली तर ठिणगी कमजोर होते आणि किंचित मागे पडते, पण दोरीला उलटा झटका फटीमुळे बसत नाही.

जुनी पॉइंटची इंजिनं

इथे ठिणगी पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच) उघडण्याच्या क्षणी पडते, आणि वेळ खरोखर बदलता येते. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतो, वेळ पुढे येते. कमी केली की मागे जाते. पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, फट आपोआप कमी होते आणि इंजिन महिन्यागणिक आळशी होतं. म्हणून आधी फट पुस्तकाप्रमाणे लावा आणि मगच वेळ तपासा. उलट क्रमाने केलं तर दोन्ही बिघडतात.

मल्टिमीटरच्या बझरने उघडण्याचा क्षण शोधायचा असेल तर कॉइलची तार पॉइंटपासून सोडावीच लागते. प्राथमिक गुंडाळीचा रोध एखादा ओहम असतो, त्यामुळे पॉइंट उघडला तरी बझर वाजतच राहतो आणि माणूस तासभर प्लेट फिरवत बसतो. तार सोडायची नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा. तो सुटतो तो क्षण. पॉइंट वारंवार काळा पडून खड्डे पडत असतील तर कंडेन्सर बदला. नुसता पॉइंट घासून आठवडाही निघणार नाही.